सत्तेचाळीसावं पान

कोणी मोबाइल पुढे करून "काका, हे बघा ना काय आलंय" म्हणालं, की काका तो हातात घ्यायचे नाहीत. उजव्या हाताचा पंजा त्याच्यावरून अलगद आपल्या नाकाकडे आणायचे. दोनदा. मग डोळे मिटून जरा थांबायचे आणि म्हणायचे, "नमुना काढा."

नवा माणूस बावचळायचा. त्याला वाटायचं, म्हातारा मोबाइलची दृष्ट काढतोय. मग मला काउंटरमागून समजावून सांगावं लागायचं, की ही काकांची जुनी सवय आहे. रसायनीच्या पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत ते एकतीस वर्षं लॅबमध्ये होते. तिथे बाटलीला थेट नाक लावत नाहीत, हातानं थोडा वास आपल्याकडे ओढून घेतात. बाहेरून आलेलं प्रत्येक पिंप गेटवर थांबायचं, आणि काकांनी नमुना काढून तपासल्याशिवाय आत यायचं नाही. निवृत्त झाल्यावर पिंपं सुटली, पंजा सुटला नाही.

माझं कर्जतच्या बाजारात टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, लॅमिनेशन, आणि वर्षातून दोन-तीन पुस्तकं. आमच्या भागात पुस्तक काढणारे लोक म्हणजे बहुतेक निवृत्त. माणूस नोकरीत असेपर्यंत गप्प असतो, निवृत्त झाला की वही घेऊन माझ्या पायऱ्या चढतो. कोणी प्रकाशक विचारत नाही, म्हणून स्वतःच्या खर्चानं छापतो, नातेवाइकांना वाटतो, आणि मग वाट बघत बसतो. कशाची वाट, ते त्यालाही सांगता येत नाही. बावीस वर्षं मी ही वाट बघणारी माणसं बघते आहे. खरं सांगायचं तर आता कंटाळा येतो.

काकाही असेच आले. मोहोपाड्याला राहायचे, वाटेत चौक गावाला गाडी बदलून यायचे. मूळ गाव खालापूरकडचं, घर शेतकऱ्याचं, त्यामुळे एकतीस वर्षं साहेब लोकांत काढूनही बोलणं गावचंच राहिलं होतं. पहिल्या दिवशी तीन वह्या काउंटरवर ठेवून म्हणाले, "ताई, पुस्तक हाय वासांचं. हसू नको."

मी हसले नाही. माझ्याकडे एकानं सासूवर महाकाव्य आणलं होतं, तेव्हाही हसले नव्हते.

पुस्तकाचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'नाकासमोर'. एकेका वासावर एकेक प्रकरण. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजल्यावर भिजलेल्या मातीला येणारा वास. उकडा भात चुलीवर असताना घरभर पसरणारा वास. घाटात ठाकुरवाडीच्या उतारावर रेल्वेगाडीच्या ब्रेकांचा करपट वास. लॅबमधल्या टॉवेलचा, आईच्या पेटीचा. अक्षर टपोरं आणि सरळ, लॅबच्या रजिस्टरात लिहितात तसं. टाइप करायला सोपं. मी दोन महिन्यांत वह्या संपवल्या.

तुम्हाला वाटेल, म्हणजे मी ते पुस्तक वाचलं. टाइप करणं आणि वाचणं यात फरक आहे. डोळ्यांतून शिरलेलं अक्षर बोटांतून बाहेर पडतं, मध्ये कुठे थांबत नाही. दिवसाला तीस पानं काढायची तर ते थांबून चालतही नाही.

सगळं झाल्यावर ते एक दिवस परत आले. चार घड्या घातलेला एक कागद खिशातून काढला आणि माझ्या हातात दिला. "हे एक राहिलं व्हतं. सत्तेचाळीस नंबरला घाल," म्हणाले. पत्रिकांच्या मोसमात माझ्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. मी फाइलमध्ये सत्तेचाळीसावं पान मोकळं करून ठेवलं, त्यात 'येथे काकांचे पान येणार' असं लिहून ठेवलं, आणि कागद बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. काही काम नव्हतं. तासभर बाकावर बसले, माझ्याकडे बघत. शेवटी विचारलं, "झालं का गं ते पान?"

"झालंच म्हणून समजा, काका," मी मान वर न करता म्हटलं.

"बरं," म्हणाले. आणखी थोडा वेळ बसले आणि गेले.

त्याच आठवड्यात प्रेसवाल्याचा फोन आला, की आज फाइल आली तर मशीनवर चढेल, नाहीतर लग्नसराई संपल्यावर. मी घाईघाईनं फाइल उघडली. 'येथे काकांचे पान येणार' ही ओळ चुकून छापली जाऊ नये म्हणून आधी ती पुसली, आणि फाइल पाठवून दिली. जागा इतकी नीट राखली, की ती तशीच छापून आली. तीनशे प्रतींमध्ये सत्तेचाळीसावं पान कोरं. खाली फक्त आकडा.

प्रती आल्या तेव्हा काका दुकानातच होते. त्यांनी एक उघडली, पानं उलटत उलटत तिथे पोचले आणि बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले. मी ड्रॉवर उपसले, ट्रे उलटे केले, कागद काही सापडला नाही.

"काका, पुन्हा लिहून देता का? मी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवून देते."

"नाय गं. एकदा लिवलं तेच लय झालं."

त्यात काय होतं, हे मी विचारलं नाही. लाज वाटत होती, आणि हा विषय लवकर मिटावा असंही वाटत होतं. काकांनीच मिटवला. पुस्तक बंद करून म्हणाले, "राहू दे कोरं. जो वाचील तो इचारील."

कोणी विचारलं नाही. नातेवाइकांनी मुखपृष्ठ छान आहे म्हटलं. कंपनीतल्या जुन्या लोकांनी आपलं नाव कुठे आलंय ते शोधलं. वाचनालयानं शिक्का मारून कपाटात ठेवलं. वर्षभरात सत्तेचाळीसाव्या पानाबद्दल एकही माणूस बोलला नाही.

मग ठाण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं ते पुस्तक आहे तसं ऑनलाइन टाकलं. आतल्या पानावर काकांचा मोबाइल नंबर होता आणि अक्षरजुळणी म्हणून माझ्या दुकानाचा. तिथून ते फोन सुरू झाले.

तुम्ही स्वतः पुस्तक काढलं असेल तर हे फोन तुम्ही ओळखता. गोड आवाज असतो. तुमच्या पुस्तकाची निवड झालेली असते. कोणी केली, कशासाठी केली, ते नीट कळत नाही, पण निवड झालेली असते. पहिला फोन आला तेव्हा काका माझ्या दुकानात चहा पीत होते. फोन स्पीकरवर होता.

"सर, आपलं 'नाकासमोर' हे प्रेरणादायी पुस्तक आमच्या संपादक मंडळाला अतिशय भावलं. आजच्या काळात सरळमार्गी जगण्याचा संदेश देणं ही सोपी गोष्ट नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरेना. नाकासमोर चालणारा माणूस म्हणजे सरळ माणूस, एवढ्यावरून त्या बाईंनी आख्खं पुस्तक ताडलं होतं.

"कुठलं पान आवडलं?" काकांनी विचारलं.

"सर, सगळीच."

"सत्तेचाळीसावं?"

"सर, ते तर अप्रतिम. आमच्या टीममध्ये ते मोठ्यानं वाचून दाखवलं. एकदोघांच्या डोळ्यांत पाणी आलं."

काकांनी फोन हळूच बंद केला, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "चांगलं हाय, ताई. कोरं पान मोठ्यानं वाचून दाखवतात."

त्या दिवसापासून ती त्यांची परीक्षाच झाली. बघता बघता ही गोष्ट आमच्या भागातल्या लिहिणाऱ्यांत पसरली, आणि शनिवारी दुपारी माझ्या दुकानातल्या बाकावर काकांचं एक छोटं गेट सुरू झालं. लोक आपापले निरोप, मेल, करारांचे कागद घेऊन यायचे. काका पंजा हलवायचे आणि नमुना काढायचे.

त्यांची दुसरी परीक्षा पंचांगाची. "तुझ्या पुस्तकाचं नाव काढ, तिथं पंचांग घाल आणि परत वाच," म्हणायचे. पत्राला काही फरक पडला नाही, तर पुस्तक वाचलेलं नाही. नेरळच्या एका कवीनं आपल्या संग्रहाबद्दल आलेलं पत्र असं वाचून दाखवलं: "आपले 'पंचांग' वाचून आम्ही अंतर्मुख झालो. 'पंचांगा'तील स्त्रीवेदना काळजाला भिडते." दुकानातलं झेरॉक्सचं गिऱ्हाईकसुद्धा हसलं. कवीही हसला, पण जरा उशिरा.

एकाला निरोप आला होता, की आज संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी केली नाही तर निवड रद्द. काका म्हणाले, "गेटवर टँकर उभा राहिला ना, की ज्याचा माल चांगला तो डायवर खाली उतरून इडी ओढत बसायचा. ज्याच्या मालात खोट तोच हॉर्न वाजवायचा. ह्यो हॉर्न वाजवतोय."

भाताच्या जुन्या जातींवर पुस्तक लिहिलेले एक शेतकरी सन्मानाचं बोलावणं घेऊन आले. सन्मानचिन्ह, शाल आणि प्रमाणपत्र यांचा खर्च लेखकानं आधी भरायचा होता. काका म्हणाले, "तुमी कोणाला मानानं जेवायला बोलावलं, तर ताटाचं पैसं मागाल का?" शेतकऱ्यांनी मान हलवली. त्याच कागदाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पुस्तकाचे सगळे हक्क कायमचे त्या लोकांकडे जातील. काकांनी ते बोट ठेवून तीनदा वाचून घेतलं. "म्हणजे शेत तुमचं, राबणं तुमचं, आन् भात त्याचं, पेंढा सुदा त्याचा," म्हणाले. शेतकऱ्यांनी तो कागद तिथेच चार तुकडे करून खिशात घातला. टाकला नाही, खिशात घातला. माणूस असे कागद सहजासहजी टाकत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ह्याच शनिवारांतली एक गोष्ट सांगायला हवी. मी शेजारून चहा आणायला गेले होते. परत येताना दारातच रबर जळल्याचा वास आला. आत काका बाकावर बसून कोणाचा तरी करार वाचत होते, आणि त्यांच्या पायाशी, अगदी हातभर अंतरावर, स्टॅबिलायझरची वायर काळी पडून धुमसत होती. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

"काका, वास नाही आला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या वायरीकडे. "वाचत व्हतो गं. ध्यान नव्हतं," म्हणाले.

मला ते खरंच वाटलं. नंतर कित्येकांना मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली, की एवढं नावाजलेलं नाक, पण वाचायला बसलं की जग विसरतं. चहा आला की ते दर वेळी विचारायचे, "आलं घातलंय का आज?" तीही आमच्यात एक गंमतच होती.

मग पळसदरीच्या बाई आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. शाळेच्या आठवणींचं छोटं पुस्तक मीच छापून दिलं होतं. त्यांना मोठं पत्र आलं होतं. पुस्तक इंग्रजीत नेणार, परदेशातल्या मेळ्यात मांडणार, चित्रपटवाल्यांना दाखवणार. बाईंनी बँकेतली ठेव मोडायचं ठरवलं होतं, सोमवारी जाणार होत्या. केवळ जावयानं आग्रह केला म्हणून काकांकडे आल्या.

काकांनी नेहमीसारखं पंचांग घालायला सांगितलं. बाई शिक्षिकेच्या खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. "आपले 'पंचांग' म्हणजे एका निष्ठावान शिक्षिकेच्या हृदयाचा..." तिथपर्यंत आल्या आणि थांबल्या. शिक्षिका हा शब्द मुखपृष्ठावरच होता, तेवढा पत्र लिहिणाऱ्यांनी उचलला होता. पुढचं पत्र बाईंनी मनात वाचलं. दुकानात कोणी हसलं नाही.

"खोटं असेल," बाई शेवटी म्हणाल्या. "पण माझ्या पुस्तकाबद्दल एवढं कोणी बोललं नव्हतं हो. घरात तर कोणी उघडलंसुद्धा नाही. तुम्ही पैसे वाचवलेत माझे, उपकार आहेत. पण आता माझ्याकडे काय राहिलं?"

बाई पत्राची घडी घालून निघून गेल्या. काका त्या दिवशी बाकावरून लवकर उठले. जाताना माझ्याकडून बाईंच्या पुस्तकाची एक प्रत मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात ते पळसदरीला गेले. हे मला नंतर बाईंनीच सांगितलं. ओसरीवर बसले, खिशातून चिठ्ठी काढली आणि कुठल्या पानावर काय आवडलं ते एकेक करून सांगितलं. पाटी पुसायच्या स्पंजाचं सांगितलं. एका मुलीनं शाळा सोडताना बाईंना अंडी आणून दिली होती, त्या पानावर तर दहा मिनिटं बोलले. एकतिसाव्या पानावर तारीख चुकलीय, हेही सांगितलं. बाई मला म्हणाल्या, "ती चूक सांगितली ना, तेव्हा खात्री पटली, की ह्यांनी वाचलंय."

तेव्हापासून काका ज्याचं पत्र खोटं ठरवायचे, त्याचं पुस्तक घरी न्यायचे. सासूवरचं महाकाव्यसुद्धा त्यांनी पूर्ण वाचलं. ह्या भागात ते त्यांनी एकट्यानंच वाचलं असावं. मी म्हणायची, "काका, कशाला जीव काढताय?" ते डोळे चोळत म्हणायचे, "फसवणूक वळखणं सोपं हाय, ताई. ती काढून घेतल्यावर त्या माणसाच्या हातात काय द्यायचं, ते अवघड हाय."

ते थकत चालले होते. बाकावरून उठताना काउंटरला हात टेकायचे. शनिवारची गर्दी मात्र वाढत होती, कारण फोन वाढत होते. आता पत्रं जास्त हुशार झाली होती. त्यांत पुस्तकातली नावंही यायची, प्रकरणंही यायची, कुठलं तरी यंत्र ती लिहीत होतं म्हणे. पंचांग घातलं तरी पकडता येईनात. सत्तेचाळीसावं पान मात्र अजून कोणाला चुकवता आलं नव्हतं.

आणि एका मंगळवारी, त्यांचा वार नसताना, ते दुकानात आले. पिशवीतून एक जाड कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "ह्याला लॅमिनेशन कर गं," म्हणाले.

सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र होतं. 'उत्कृष्ट लेखक सन्मान.' खाली काकांचं नाव, त्यातही आडनावाचं एक अक्षर चुकलेलं.

"हे काय, काका?"

"माझं हाय."

"पैसे भरलेत?"

"भरलं."

मला राग आला. इतका आला, की आवाज चढला. एवढ्या लोकांना तुम्ही वाचवलंत, मी म्हटलं, त्या बाईंचं पत्र खोटं पाडलंत, आणि स्वतः ह्या असल्या कागदाला भुललात? पंचांग घातलं होतंत का? सत्तेचाळीस विचारलंत का?

"इचारलं," काका म्हणाले. "ऐक तर."

त्यांना एका मुलीचा फोन आला होता. तीच निवड, तोच सन्मान. काकांनी कंटाळून विचारलं, सत्तेचाळीसावं पान कसं वाटलं. मग ती मुलगी म्हणाली, "सर, ते पान तर कोरं आहे. माझ्याच मोबाइलवर तसं दिसतंय का, म्हणून मी दोनदा पुस्तक बंद करून उघडलं." ती पुढे म्हणाली, "सर, एक विचारू? त्या पानाच्या आधी तुम्ही 'वास येतो, वास येतो' असं लिहिलंय. त्याच्यानंतर सगळीकडे 'वास यायचा'. आता येत नाही का तुम्हाला?"

माझ्या हातातलं प्रमाणपत्र तसंच राहिलं.

"साथीच्या दिवसांत ताप आला व्हता बघ," काका म्हणाले. "ताप गेला. वास काय परत आला नाय. कसलाच नाय. घरात नाय सांगितलं. एकतीस वर्षं नाकावर पोट भरलं, आता कसं सांगायचं? पुस्तक तवा अर्ध्यावर व्हतं. मग राह्यलेलं आठवतंय तेवढं तरी लिवून ठेवू म्हटलं. त्या पानावर तेच लिवलं व्हतं."

मला ती जळणारी वायर आठवली. आलं घातलंय का, हे नेहमीचं विचारणं आठवलं. पूर्ण पुस्तक मी टाइप केलं होतं. त्यातला प्रत्येक 'येतो' आणि प्रत्येक 'यायचा' माझ्या बोटांखालून गेला होता.

"मग सांगितलंत तिला?"

"सांगितलं. अर्धा तास बोलली. चांगली बोलली. राबाच्या वासाचं तिनं परत परत इचारलं, तिच्या आजीचं गाव तसंच हाय म्हणाली. शेवटी म्हणाली, सर, आमची एक योजना आहे. मी म्हटलं, किती भरायचं ते सांग."

"काका, ती फसवणारीच होती."

"हां. फसवणारीच व्हती," ते शांतपणे म्हणाले. "पण वाचलं व्हतं तिनं. मी म्हटलं, पोरी, हे काम सोड. म्हणाली, दुसरं मिळालं की सोडते, सर."

मी मशीन तापत ठेवलं. प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये सरकवलं आणि आत सोडलं. ते गरम गरम बाहेर आलं तेव्हा काकांनी सवयीनं पंजा त्यावरून नाकाकडे आणला, दोनदा. मग पहिल्यांदाच उघडपणे विचारलं, "कसा येतोय गं वास ह्याला?"

"तापलेल्या प्लास्टिकचा," मी म्हटलं. "जरा गोडसर आहे. मागून थोडा शाईचा."

त्यांनी मान हलवली आणि प्रमाणपत्र पिशवीत ठेवलं.

त्यानंतर ते आले, की मी न विचारता सांगायची. आज आलं घातलंय. शेजारी मिरच्या तळताहेत. नवा कागदाचा गठ्ठा फोडलाय, त्याला दमट लाकडासारखा येतोय. ते डोळे मिटून ऐकायचे. माफी मात्र मी मागितली नाही. आज मागू, शनिवारी मागू, असं करत राहिले. कागद गहाळ झाला एवढ्याचीच माफी मागायची होती, असं तेव्हा मला वाटत होतं.

गेल्या थंडीत काका मुलाकडे ठाण्याला गेले. दवाखाना जवळ पडतो म्हणून. तिथेच गेले. मला चार दिवसांनी कळलं. शनिवारी तीन माणसं आपापली पत्रं घेऊन आली, बाकावर बसली, आणि मी सांगितल्यावर तशीच उठून गेली.

दोन महिन्यांनी एक आई आणि मुलगी पत्रिका पसंत करायला आल्या. मी नमुन्यांचा जुना अल्बम त्यांच्यापुढे टाकला. पानं उलटता उलटता मुलगी म्हणाली, "ताई, ह्यात कोणाची तरी चिठ्ठी आहे." चार घड्या घातलेला कागद होता. अक्षर टपोरं आणि सरळ. मी उभ्या उभ्या वाचला.

"नमुना क्रमांक सत्तेचाळीस. नमुन्याचे नाव: मी स्वतः. वास: येत नाही. साथीतल्या तापापासून. येथून पुढचे सर्व वास आठवणीतले आहेत, वाचणाऱ्याने तसे धरून चालावे. ही गोष्ट घरात कोणाला सांगितलेली नाही. दुकानातल्या ताई हे पान टाइप करतील तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळेल. तोंडाने सांगणे जमले नाही म्हणून लिहून दिले आहे. शेवटची ही तीन वाक्ये त्यांच्यासाठी आहेत, ती छापू नयेत."

म्हणजे दुसऱ्या दिवशी ते बाकावर तासभर बसले होते ते ह्यासाठी. झालं का गं ते पान, हे त्यांनी पानाबद्दल विचारलंच नव्हतं. आणि मी मान वर न करता म्हटलं होतं, झालंच म्हणून समजा.

त्या मायलेकींना मी कुठली पत्रिका दाखवली, काय बोलले, मला आठवत नाही. त्या गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं आणि ते पान टाइप केलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे शेवटची तीन वाक्यं सोडून. एकच प्रत काढली आणि माझ्याकडच्या पुस्तकात सत्तेचाळीसाव्या जागी चिकटवली. मुलाला फोन केला, की ऑनलाइन पुस्तकात हे पान घालता येईल का. तो म्हणाला, बघतो. अजून बघतोच आहे.

फोन काही थांबलेले नाहीत. काकांचा नंबर बंद झाला, म्हणून आता ते माझ्या दुकानावर येतात. परवाही एक आला. गोड आवाज, 'नाकासमोर'ची निवड, आज शेवटची तारीख. मी फोन कानाशी धरून कितीतरी वेळ ऐकत राहिले. मग सवयीनं विचारलं, सत्तेचाळीसावं पान कसं वाटलं.

"मॅडम, ते तर पुस्तकातलं सर्वांत सुंदर पान आहे."

"हो," मी म्हटलं. "मी वाचलंय." आणि फोन ठेवला.